उतारवयातील दीर्घकालीन व्याधी आणि आरोग्यविम्याचे छत्र : गंगापूर तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वृद्धापकाळातील आजारपण ही आपल्या समाजात आजवर कौटुंबिक बाब मानली गेली. मुलाने आईवडिलांचे औषधपाणी करावे, सुनेने पथ्य सांभाळावे आणि फारच झाले तर एखादा एकर विकून दवाखाना भागवावा, अशीच मराठवाड्यातील ग्रामीण कुटुंबाची रीत होती. गेल्या दोन-तीन दशकांत या व्यवस्थेतील दोन्ही बाजू बदलल्या. कुटुंब लहान झाले, मुले वाळूज, पुणे, मुंबईकडे गेली. आणि आजाराचे स्वरूपही पालटले. पूर्वी वृद्ध माणूस तापाने, अतिसाराने, क्षयाने आजारी पडत असे. आज तो उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, संधिवात, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी एक-दोन व्याधी घेऊन पंधरा-वीस वर्षे जगतो. या व्याधी बऱ्या होत नाहीत. त्या सांभाळाव्या लागतात. सांभाळण्याचा खर्च थोडा थोडा, परंतु दरमहा आणि अखेरपर्यंत चालू राहतो.

या खर्चासाठी आरोग्यविमा कितपत उपयोगी पडतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हे सर्वेक्षण नव्हे. उपलब्ध योजना, त्यांचे नियम आणि त्यांमागील अर्थशास्त्रीय तर्क यांची उकल करून गंगापूरसारख्या तालुक्यातील वृद्धाच्या हाती प्रत्यक्षात काय पडते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के व्यक्तींना कोणती ना कोणती दीर्घकालीन व्याधी आहे, जवळजवळ एकतृतीयांश व्यक्तींना उच्च रक्तदाबाचे निदान झालेले आहे, असे त्यात दिसून आले. त्याच वयोगटात आरोग्यविम्याचे छत्र असणाऱ्यांचे प्रमाण मात्र १८ टक्क्यांच्या आसपास होते. पाहणी झाली तेव्हा आयुष्मान भारत योजना नुकतीच सुरू होत होती. त्यामुळे आज कार्डधारकांची संख्या निश्चितच वाढलेली आहे. कार्ड मिळणे आणि औषध मिळणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विम्याचे तत्त्व आणि रोजची गोळी

विमा हा मुळात अनिश्चित हानीसाठी असतो. घराला आग लागेल की नाही हे ठाऊक नसते, म्हणून हजार घरे थोडे थोडे पैसे एकत्र करतात आणि ज्याचे घर जळेल त्याला भरपाई देतात. मधुमेही व्यक्तीला उद्या गोळी लागणार की नाही, याबद्दल अशी अनिश्चितता नाही. गोळी लागणारच आहे. निश्चित खर्चाचा विमा उतरवणे म्हणजे खर्च आणि वर कंपनीचा व्यवस्थापन खर्च असे दोन्ही आपणच भरणे होय. खासगी विमाव्यवसाय बाह्यरुग्ण औषधोपचारापासून दूर राहतो, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरे कारण माहितीच्या विषमतेचे. १९६३ साली केनेथ ॲरो यांनी वैद्यकीय सेवेची बाजारपेठ इतर बाजारपेठांसारखी का चालत नाही, याची मांडणी केली. १९७० साली जॉर्ज अकेरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे प्रसिद्ध विवेचन केले, तेव्हा त्यांनी दिलेल्या उदाहरणांत पासष्टी ओलांडलेल्यांना आरोग्यविमा मिळणे इतके अवघड का जाते, हेही एक उदाहरण होते. हप्ता वाढवला की ज्यांना आपण आजारी पडणार याची खात्री आहे तेच विमा घेतात, निरोगी बाजूला होतात, म्हणून हप्ता आणखी वाढवावा लागतो. आणि शेवटी त्या वयासाठी बाजारच उरत नाही. आपल्या वाणिज्य व अर्थशास्त्राच्या वर्गांत हा सिद्धांत मोटारींच्या अंगाने शिकवला जातो. वृद्धांचे उदाहरण सहसा राहून जाते.

भारतात १९८६ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणले, तेव्हापासून विम्याचा गाभा रुग्णालयात दाखल होणे हाच राहिला. किमान चोवीस तास दाखल असावे, ही अट. डायलिसिस, केमोथेरपी, मोतीबिंदू यांसारख्या उपचारांना तेवढी सूट. दाखल होण्यापूर्वीचे साधारणतः तीस व नंतरचे साठ दिवस औषधांचा खर्च मिळतो. एकसष्टाव्या दिवसापासूनची गोळी पुन्हा आपल्या खिशातून.

खासगी पॉलिसी : नियम बदलले, प्रश्न उरले

ज्येष्ठांच्या दृष्टीने २०२४ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने त्या वर्षी १ एप्रिलपासून लागू केलेल्या नियमांनुसार विमा घेण्याची ६५ वर्षांची प्रचलित वयोमर्यादा उरली नाही. पूर्वीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी ४८ महिन्यांवरून कमाल ३६ महिने झाला. सलग ६० महिने विमा चालू राहिल्यास, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येणार नाही. हा कालावधी पूर्वी आठ वर्षांचा होता. ३० जानेवारी २०२५ रोजी प्राधिकरणाने आणखी एक आदेश काढला. त्यानुसार ज्येष्ठ नागरिकांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करावयाची असल्यास कंपनीने प्राधिकरणाशी आधी विचारविनिमय करणे आवश्यक झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला.

हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि, वर्षाला १० टक्के वाढ म्हणजे सात-आठ वर्षांत हप्ता दुप्पट, हे गणित विसरता येत नाही. साठाव्या वर्षी परवडणारा हप्ता नेमका सत्तरीत, म्हणजे गरज वाढते तेव्हा, डोईजड होतो. वयोमर्यादा नसणे याचा अर्थ कंपनीने प्रत्येक अर्जदारास विमा दिलाच पाहिजे असाही नव्हे. प्रकृतीची तपासणी करून नकार देण्याचा किंवा जादा हप्ता आकारण्याचा अधिकार तिला आहेच.

याशिवाय पॉलिसीच्या कागदात दोन बाबी अशा असतात की, त्यांचा अर्थ बिल हाती पडल्यावरच उमगतो. पहिली को-पेमेंटची. ज्येष्ठांसाठीच्या अनेक पॉलिसींत प्रत्येक दाव्यातील ठरावीक टक्के रक्कम विमेदाराने भरावयाची असते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत हे प्रमाण ५ टक्के आहे. इतरत्र ते बरेच अधिक आढळते. दुसरी बाब खोलीभाड्याची. समजा, पॉलिसीत दररोज ३,००० रुपयांच्या खोलीची मर्यादा आहे आणि रुग्णास ६,००० रुपयांच्या खोलीत ठेवले. नातेवाइकांस वाटते की रोजचे ३,००० रुपयेच आपल्याला सोसावे लागतील. प्रत्यक्षात शल्यकर्माचे शुल्क, डॉक्टरांची भेट अशा खोलीच्या दर्जाशी निगडित इतर रकमांनाही तेच प्रमाण लावले जाते आणि त्यांतील निम्मी रक्कम कापली जाते. शहरातील मोठ्या रुग्णालयात ‘जनरल वॉर्ड भरला आहे’ हे वाक्य ऐकल्यावर किती जणांना या कपातीची आठवण होते?

लेखकाच्या घरातील एक अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. वडिलांचा विमा काढताना एजंटाने अर्जातील आजारविषयक सर्व प्रश्नांपुढे ‘नाही’ असे लिहिले. बी.पी.ची गोळी चालू आहे, असे वडिलांनी सांगितले होते. त्यावर ‘ते काही आजारात धरत नाहीत, सर’ असे उत्तर मिळाले आणि आम्हालाही ते सोयीचे वाटले. तिसऱ्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डिस्चार्ज कार्डावर ‘उच्च रक्तदाब, सहा वर्षांपासून’ ही एक ओळ होती. तेवढ्यावर दावा फेटाळला गेला आणि पॉलिसीही रद्द झाली. कंपनीचा निर्णय नियमाला धरून होता, हे आज मान्य करावे लागते. अर्ज आम्ही वाचला नव्हता, सही मात्र केली होती. तेव्हा आठ वर्षांचा नियम होता. आजच्या पाच वर्षांच्या नियमातही तो दावा बसला नसता.

शासकीय योजनांची वाटचाल

आपल्या तालुक्यातील बहुसंख्य वृद्धांचा संबंध खासगी पॉलिसीशी येत नाही. त्यांच्यासाठी विमा म्हणजे ‘जीवनदायी’. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मराठवाड्यातील नांदेड होते, तत्कालीन औरंगाबाद नव्हते. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख, अशी मर्यादा होती. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांबरोबर शेतकरी आत्महत्याग्रस्त अशा चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ देण्यात आला. त्या चौदांत आपला जिल्हा होता. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने मर्यादा पाच लाखांवर गेली, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट न ठेवता राज्यातील सर्व कुटुंबांस योजना खुली झाली. त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून सुरू झाली.

पुढचा टप्पा वृद्धांसाठीचाच होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, पाच लाखांचे छत्र देण्याचा निर्णय घेतला. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी योजना सुरू झाली. ज्यांचे कुटुंब आधीच लाभार्थी आहे त्यांच्या घरातील सत्तरीपुढील व्यक्तींसाठी स्वतंत्र पाच लाख मिळतात, ते इतरांत वाटले जात नाहीत. खासगी पॉलिसी असलेल्या किंवा कर्मचारी राज्य विमा योजनेतील व्यक्तींनाही हे ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड घेता येते. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असणाऱ्यांनी मात्र दोहोंपैकी एक निवडावी लागते. पूर्वीपासूनच्या आजारासाठी येथे प्रतीक्षा कालावधी नाही. अकेरलॉफ यांनी वर्णिलेल्या अडचणीला हे थेट उत्तर आहे. सर्वांना एकत्र घेतले आणि हप्ता शासनाने भरला की, निवडून निवडून विमा घेण्याचा प्रश्नच उरत नाही.

वय मात्र आधार कार्डावरून ठरते. आपल्या गावांतील वृद्धांच्या आधार कार्डावर ‘१ जानेवारी’ ही जन्मतारीख किती वेळा दिसते, हे कोणत्याही सेतू केंद्रात बसल्यास कळेल. शाळेचा दाखला नाही, जन्मनोंद नाही. नोंदणी करणाऱ्याने चेहरा पाहून वर्ष घातले. ‘दुष्काळात मी बैलं चारत होतो’ असे सांगणारे आजोबा कागदावर ६६ वर्षांचे निघतात. तारीख दुरुस्त करावयाची तर पुरावा लागतो, आणि पुरावा नव्हता म्हणूनच तर तारीख चुकली होती!

योजनेच्या यादीत दीर्घकालीन व्याधींचे स्थान काय, हे नीट पाहिले पाहिजे. डायलिसिस आहे, कर्करोगावरील केमोथेरपी व किरणोपचार आहेत, हृदयाची ॲन्जिओप्लास्टी व बायपास आहे. म्हणजे व्याधी विकोपाला गेल्यावरचा बहुतेक मार्ग मोकळा आहे. जीवनदायीच्या मूळ आराखड्यात १२१ पाठपुरावा सेवाही होत्या, परंतु त्या ठरावीक शस्त्रक्रियांनंतरच्या होत्या. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस औषधे मिळतात. बाह्यरुग्ण उपचार दोन्हींतही नाहीत. रक्तदाबाची गोळी योजनेत नाही. ती न घेतल्यामुळे येणारा झटका योजनेत आहे.

दरमहाचा हिशेब

एक काल्पनिक, परंतु अवास्तव नसलेला हिशेब मांडू. गंगापूरजवळच्या एखाद्या गावातील ६८ वर्षांच्या बाईंना मधुमेह व रक्तदाब आहे. गोळ्या, दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी, डॉक्टरांची फी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागल्यास जाण्यायेण्याचा खर्च मिळून महिन्याला सरासरी १,५०० रुपये धरू. वर्षाला १८,००० आणि पंधरा वर्षांत २,७०,००० रुपये होतात. पाच लाखांच्या कार्डातून यांतील एक रुपयाही मिळत नाही.

आता मिळकतीची बाजू. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे अनुदान जुलै २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराचे १९९५ च्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरले. वरील बाईंचे सगळे अनुदान औषधात जाते आणि भाकरीसाठी मुलाकडे पाहावे लागते. अशा वेळी गोळी एक दिवसाआड घेणे, बरे वाटले की बंद करणे, शेजारणीची उरलेली घेणे हे प्रकार अज्ञानामुळे होतात, असे आपण सुशिक्षित लोक सहज म्हणतो. त्यांत हिशेबाचाही भाग असतो.

विम्याबाहेरची व्यवस्था येथे अधिक उपयोगी आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह तपासणी व उपचार निःशुल्क झाले. तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे व शासकीय रुग्णालय त्यांत येतात; छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे त्या निर्णयाच्या कक्षेत आले नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरावीक औषधे, तीस दिवसांचा पुरवठा आणि शक्य तितक्या गावाजवळ वाटप, ही त्याची साधी रीत. गोळीचा पुरवठा अखंड राहिला तर वरच्या हिशेबातील मोठा भाग शून्यावर येतो. खंड पडला की रुग्ण खासगी दुकानाकडे वळतो आणि बहुधा परत येत नाही. जनौषधी केंद्रे हा मधला पर्याय आहे. तेथे गोळी त्याच रासायनिक नावाची, किंमत बरीच कमी. पण डॉक्टर ब्रँडचे नाव लिहितात आणि वृद्ध रुग्णाला गोळीचा रंग बदललेला चालत नाही.

हा अनुभव आपल्यापुरता मर्यादित नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’चा कायदा झाला, तेव्हा घरी घ्यावयाच्या औषधांचा त्यात समावेश नव्हता. त्यासाठीचा कायदा २००३ मध्ये झाला आणि लाभ १ जानेवारी २००६ पासून मिळू लागला. चाळीस वर्षे लागली. उलट थायलंडने २००२ मध्ये सार्वत्रिक योजना आणली, तेव्हा प्रारंभापासूनच बाह्यरुग्ण सेवा तिच्यात घेतली. आपल्याहून फार श्रीमंत नसलेल्या देशाने हे केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वाळूजचा अपवाद

गोळीचाही विमा असू शकतो, याचे उदाहरण शोधण्यास थायलंडला जाण्याचीही आवश्यकता नाही. ते गंगापूर तालुक्यातच, वाळूज औद्योगिक वसाहतीत आहे. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि रुग्णालय असे सर्व मिळते. यातील फारशी न बोलली जाणारी तरतूद निवृत्तांसाठीची आहे. किमान पाच वर्षे विमाधारक राहून नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला व त्याच्या पती-पत्नीला वर्षाला १२० रुपये भरून वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. महिन्याला दहा रुपये! कोणतीही खासगी पॉलिसी याच्या आसपासही येत नाही.

अडचण अशी की ‘विमाधारक राहून निवृत्त’ ही अट वाळूजच्या कामगाराला सहजी पुरी करता येत नाही. कंत्राटी कामगाराची नोकरी वर्षा-दोन वर्षांनी तुटते. कायम कामगाराचे वेतन २१,००० रुपयांच्या पुढे गेले की तो योजनेबाहेर जातो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची. म्हणजे अस्थिर कामगार पाच वर्षे भरत नाही आणि स्थिर कामगार निवृत्तीपर्यंत आत राहत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महामंडळाने वेतनमर्यादेमुळे बाहेर पडलेल्या निवृत्तांसाठी अटी काही प्रमाणात शिथिल केल्या. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे वडील वाळूजच्या कारखान्यांतून गेल्या काही वर्षांत निवृत्त झालेले आहेत. एकाही विद्यार्थ्याकडून या १२० रुपयांचा उल्लेख प्रस्तुत लेखकाने ऐकलेला नाही.

अध्यापकांपुरते काही

राज्य शासनाने २०१४ मध्ये सेवानिवृत्त होणाऱ्या शासकीय अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी गट वैद्यकीय विमाछत्र आणले. गट विम्याचा सामान्य फायदा असा की, त्यात व्यक्तिगत प्रकृती पाहून नकार दिला जात नाही. २०२५ मधील करमाफी मात्र गट विम्याला मिळालेली नाही, हे हप्त्यांची तुलना करताना ध्यानात घ्यावे. ज्यांची खासगी पॉलिसी चालू आहे त्यांनी ती खंडित होऊ देऊ नये. कंपनी बदलावयाची झाल्यास २०११ पासून उपलब्ध असलेल्या पोर्टेबिलिटीच्या मार्गाने बदलावी, म्हणजे प्रतीक्षेची उलटलेली वर्षे हिशेबात धरली जातात.

दावा फेटाळला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी दाद मागावी लागते. तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे, तक्रार दाखल करण्यास शुल्क नाही, वकील लागत नाही आणि २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय तेथे होतो. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आमच्या घरी नकाराचे पत्र आले, तेव्हा ते कपाटात ठेवून देण्यात आले होते. पुण्यातील कार्यालयाची माहिती मिळाली तोवर दीड वर्ष उलटले होते.